वालोडची शाखा : दुसऱ्याच्या नावाने धंदा करायला कोण शिकवतं?

चलथाणहून कडोदरा चार रस्त्यापर्यंत हायवेच्या दोन्ही बाजूंच्या पाट्या वाचत गेलं की एक गोष्ट लक्षात येते. दुकान इथल्या माणसाचं, नाव मात्र भलत्याच गावचं. चहा, पिझ्झा, कुरिअर, चष्मे, औषधं, लहान मुलांची इंग्रजी शाळा, काहीही घ्या. मालकाने रोख पैसे भरून नाव घेतलेलं असतं. आपल्या खानदेशी मंडळींपैकी बरेच जण लूमवर नाहीतर डाईंग हाउसमध्ये पंचवीस-तीस वर्षं काढल्यावर, फंडाचे पैसे हातात आले की याच वाटेला लागतात. फ्रॅंचायझी घेतली म्हणतात. काहींचं बरं चालतं. काहींनी दीड-दोन वर्षांत शटर ओढलं आणि आयुष्याची पुंजी त्यात गेली. त्यांच्याशी बोललं की बहुतेकांचं म्हणणं एकच असतं: पैसे घेताना सगळे आले, शिकवायला कोणी आलं नाही.

हा प्रश्न आजचा वाटतो, पण त्याला इतिहास आहे, आणि त्यातलं एक महत्त्वाचं पान आपल्याच भागातलं आहे. कडोदऱ्याहून पूर्वेला निघालं की बारडोली, आणि बारडोलीच्या पुढे वालोड. आज ते तापी जिल्ह्यात मोडतं, पण २००७ पर्यंत सुरत जिल्ह्यातच होतं. लिज्जत पापडाची महाराष्ट्राबाहेरची पहिली शाखा १९६८ साली या वालोडला निघाली. अहमदाबाद नाही, राजकोट नाही, सुरत शहरही नाही. गिरगावातल्या एका गच्चीवर सुरू झालेलं काम नऊ वर्षांनी दुसऱ्या राज्यातल्या तालुक्याच्या गावी जाऊन टिकतं, हे कसं झालं ते पाहण्यासारखं आहे.

आधी थोडं शब्दाबद्दल. फ्रॅंचायझी हा मूळचा जुन्या फ्रेंचमधला शब्द, अर्थ मोकळीक किंवा राजाने दिलेली सवलत. आपल्याकडे त्याला सनद म्हटलं असतं. त्या अर्थाने सुरतेला हा प्रकार नवा नाही. इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी ३१ डिसेंबर १६०० च्या राणीच्या सनदेवर उभी होती आणि जहांगीरच्या फर्मानानंतर १६१३ मध्ये तिची वखार सुरतेत कायम झाली. १६७० च्या दशकात इथे राहिलेला कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर याने वखारीतल्या पायऱ्या लिहून ठेवल्या आहेत: आधी उमेदवार, मग रायटर म्हणजे कारकून, मग फॅक्टर, मग मर्चंट. एकेका पायरीवर काही वर्षं काढल्याशिवाय वर जाता येत नसे. दुसऱ्याच्या नावाने सौदा करणाऱ्या माणसाला आधी हिशेबाच्या वह्या लिहायला लावायच्या, ही अक्कल तेव्हाही होती. अर्थात ते सगळे पगारी नोकर. दुकानाचा मालकच शिकाऊ आहे, ही अडचण नंतरची.

ती पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर आली अमेरिकेत, शिवणयंत्रांच्या धंद्यात. आयझॅक सिंगरला १८५१ मध्ये पेटंट मिळालं आणि भांडवल उभं करायला त्याच्या कंपनीने एकेका प्रांताचे विक्रीहक्क विकून टाकले. पैसा आला, पण हक्क घेणाऱ्याला मशीन दुरुस्त करता येत नसे, गिऱ्हाइकाला चालवून दाखवता येत नसे. काही वर्षांतच कंपनी ते हक्क परत विकत घेऊन स्वतःच्या शाखा काढू लागली आणि दुकानात मशीन चालवून दाखवणाऱ्या बायका ठेवू लागली. म्हणजे ‘पैसे घेतले, शिकवलं नाही’ या तक्रारीचं वय दीडशे वर्षांहून जास्त आहे.

आता गिरगाव. १५ मार्च १९५९ रोजी लोहाणा निवास या इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणींनी पापड लाटायला घेतले. जसवंतीबेन पोपट त्यांच्यातल्या एक, ज्यांना पुढे २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. भांडवल ऐंशी रुपये, तेही उसने. देणारे छगनलाल करमसी पारेख, सगळे त्यांना छगनबापा म्हणत. ते सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीचे सभासद, म्हणजे गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात काढलेल्या भारत सेवक समाजाचे. या ऐंशी रुपयांतून बायकांनी तोट्यात चाललेला एक पापडाचा धंदा त्यातल्या सामानासकट उचलला. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. ती भुलेश्वरच्या ओळखीच्या व्यापाऱ्याला दिली. सुरुवातीलाच त्यांनी ठरवलं होतं की तोटा झाला तरी कोणाकडे देणगी मागायची नाही.

इथे दोन प्रसंग आहेत. लिज्जतची गोष्ट सांगताना लोक ते घाईने सांगतात, पण माझ्या मते पुढच्या सगळ्या शाखांचं मूळ तिथेच आहे.

पहिला असा. सुरुवातीला या बायका दोन प्रकारचे पापड करत. एक चांगला, एक जरा हलका. हलका स्वस्तात विकायचा. आपल्याकडेही घरोघर हेच चालतं, फुटके-तुटके वेगळे काढायचे आणि कमी भावात द्यायचे. छगनबापांनी सांगितलं, एकच दर्जा ठेवा, आणि त्यात तडजोड करू नका. शिवाय हे काम दानधर्माचं समजू नका, धंदा म्हणून चालवा आणि हिशेब नीट लिहा. ऐकायला साधं वाटतं. मी आयुष्यभर मशीनच्या पार्टांवर गेज लावत आलो, त्यामुळे मला यात वेगळंच दिसतं. दोन दर्जे असले की कुठला पापड कुठल्या ढिगात जायचा हे प्रत्येक वेळी कोणीतरी अनुभवी बाईने ठरवावं लागतं. ती बाई नसली की काम अडतं. एकच दर्जा ठेवला की प्रश्न उरतो चालेल की नाही चालेल एवढाच, आणि तो नव्या बाईलाही शिकवता येतो. कारखान्यात आम्ही याला गो आणि नो-गो म्हणतो. पार्ट गेजमध्ये गेला तर पास, नाही तर बाजूला. मोजमापाची वही नवख्या हेल्परला वाचता येत नाही, पण हे त्याला पहिल्या दिवसापासून कळतं.

दुसरा प्रसंग पावसाळ्याचा. पहिल्या वर्षी चार महिने काम बंद ठेवावं लागलं, कारण पापड वाळेनात. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणली आणि एक स्टोव्ह. पापड खाटेवर पसरायचे, स्टोव्ह खाली पेटवायचा. झाला ड्रायर. उन्हावर अवलंबून असलेलं काम बाराही महिने चालू राहिलं. पहिल्या वर्षीची विक्री होती ६,१९६ रुपये. तीन महिन्यांत सुमारे पंचवीस बायका झाल्या होत्या, तिसरं वर्ष संपता संपता तीनशेच्या वर. गच्ची पुरेना, तेव्हा मळलेलं पीठ घरी न्यायचं, लाटून-वाळवून परत आणायचं, केंद्रावर वजन करून पाकिटं भरायची, ही पद्धत पडली. ती आजही तशीच आहे.

या भरात १९६१ मध्ये मालाडला शाखा काढायचा प्रयत्न झाला. तो फसला. मालाड म्हणजे गिरगावहून लोकलने तासाभराचा प्रवास. माणसं तीच, भाषा तीच, पापडाचं गिऱ्हाईक तेच. तरी फसला. आणि वालोड, दुसऱ्या राज्यातलं, खेडेवजा, ते टिकलं.

त्याच १९६१ साली अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या एल्क ग्रोव्ह व्हिलेज या गावी मॅकडोनाल्ड्सच्या एका दुकानाच्या तळघरात नव्या दुकानदारांसाठी वर्ग सुरू झाला. नाव ठेवलं हॅम्बर्गर युनिव्हर्सिटी. पहिल्या तुकडीत पंधरा जण. बटाटे किती वेळ तळायचे, भट्टी कधी पुसायची, गल्ल्याचा मेळ कसा घालायचा, हे शिकवून पदवी देत. लोक हसले असतील, पण रे क्रॉकला एक कळलं होतं: नाव देण्याआधी काम कागदावर उतरलेलं पाहिजे, आणि कागद हातात देऊन भागत नाही, करून घ्यायला लागतं.

लिज्जतकडे मालाडच्या वेळी असं उतरवलेलं काय होतं? फार थोडं. तोवर लिज्जत हे नावसुद्धा नव्हतं. ते १९६२ मध्ये आलं, सभासदांमध्ये स्पर्धा लावून. धीरजबेन रूपारेल यांनी सुचवलेलं नाव निवडलं गेलं, बक्षीस पाच रुपये. १९६२-६३ मध्ये विक्री १,८२,००० रुपयांवर गेली. जुलै १९६६ मध्ये संस्था सोसायटी म्हणून नोंदली गेली. त्याच महिन्यात, छगनबापांच्या सांगण्यावरून, खादी आणि ग्रामोद्योग आयोगाचे अध्यक्ष उ. न. ढेबर स्वतः काम पाहायला आले. सप्टेंबरमध्ये आयोगाने मान्यता दिली आणि आठ लाख रुपयांचं खेळतं भांडवल मंजूर केलं. मग १९६८, वालोड.

तारखा अशा ओळीने मांडल्या की मला तरी क्रम स्पष्ट दिसतो. १९६१ मध्ये दुसऱ्या ठिकाणी नेण्यासारखी होती ती फक्त सात बायकांची हौस आणि हुशारी, आणि ती तर गिरगावातच राहत होती. १९६८ पर्यंत नाव होतं, एक दर्जा होता, नियमांची घटना होती, हिशेबाची रीत होती, भांडवल होतं. मालाडला नेमकं काय बिनसलं याची कारणं दुसरीही असू शकतील. पण शाखा काढायची तर शाखेला शिकवता येईल असं काहीतरी आधी तयार हवं, एवढं या सात वर्षांवरून म्हणता येतं.

दुसरी बाजू वालोडची. हा भाग बारडोली सत्याग्रहाचा. १९२८ च्या साराबंदीत बारडोली तालुक्याबरोबर वालोड महालही होता. जवळच वेडछी, जिथे जुगतराम दवे यांनी आश्रम उभा केला आणि चौधरी, गामीत या आदिवासी समाजांत आयुष्यभर शिक्षणाचं आणि खादीचं काम केलं. आता खादीची पद्धत आठवा. पेळू तोलून द्यायचे, सूत तोलून घ्यायचं, कामाप्रमाणे मोबदला हातात ठेवायचा, वहीत नोंद. पिठाच्या जागी पेळू ठेवा आणि पापडाच्या जागी सूत. लिज्जतची पद्धत आणि चरख्याची पद्धत एकाच साच्यातली आहे. वालोडच्या आसपासच्या घरांना घरी माल न्यायचा, घरीच काम करायचं आणि तोलून परत द्यायचं, हा व्यवहार अनोळखी नव्हता. नव्या शाखेला जमीन आधीच नांगरलेली मिळाली, असं मी म्हणेन.

हाताचं शिकणं मात्र वेगळं. आपल्या खानदेशात काय किंवा या पट्ट्यात काय, खेड्यातला हात भाकरी थापणारा. पापड लाटणं म्हणजे कागदासारखा पातळ, कडेपर्यंत सारखा, गोल. उडदाचं पीठ पापडखाराने चिवट होतं, ते कुटून मऊ करावं लागतं, लाटी तेलाच्या हाताने सोडवावी लागते. कड जाड राहिली तर तळताना मधे करपतो आणि कडेला कच्चा राहतो. हे सगळं घरच्या घरी, सासू-जावांच्या हाताखाली शिकायला वर्षं जातात. पण लिज्जतने काम कापून वाटलं. डाळ, हिंग, मिरी यांची खरेदी मध्यवर्ती, म्हणजे चवीचा प्रश्न शाखेच्या हाती नाही. पीठ मळणं केंद्रावर, म्हणजे पापडखार कमी-जास्त होण्याचा प्रश्न घरात नाही. नव्या बाईकडे राहिलं लाटणं आणि वाळवणं. एवढंच शिकायचं. घरी स्वच्छता आहे का, पापड वाळवायला जागा आहे का, हे केंद्राच्या बहिणी येऊन पाहतात, आणि अचानकही येतात.

आणि रोजची परीक्षा तराजूवर. काल नेलेल्या पिठाचे पापड आज आणून द्यायचे, लाटण्याचा मोबदला घ्यायचा (त्याला वणाई म्हणतात), आजचं पीठ घेऊन जायचं. एवढ्या पिठाचे वाळलेले पापड किती भरायला हवेत हे ठरलेलं असतं, कारण पिठातलं पाणी किती उडतं त्याचा अंदाज असतो. वजन जास्त भरलं तर पापड ओला आहे, पुढे बुरशी धरेल. कमी भरलं तर माल कुठेतरी सांडला. एक तराजू दोन्ही चुका पकडतो, आणि बाईला चोवीस तासांच्या आत कळतं की काल काय बिघडलं. आमच्या कारखान्यात रिजेक्शनचा रिपोर्ट महिन्याने यायचा. तोवर कोणी काय केलं ते कोणाला आठवत नसे. शिकणाऱ्याला चूक किती लवकर कळते यावर शिकणं ठरतं, असं माझं पक्कं मत झालं आहे, आणि वणाईची ही रोजची रांग कुठल्याही आठवड्याच्या ट्रेनिंगपेक्षा मला जास्त मोलाची वाटते.

आता मालकीचं. लिज्जतमध्ये लाटणारी प्रत्येक बाई सभासद-मालक, तिला बहीणच म्हणतात. संस्थेचा कारभार एकवीस जणींची समिती पाहते, शाखेवर संचालिका असते. पुरुष नोकरीला, हिशेबनीस, ड्रायव्हर वगैरे, पण मालक नाहीत. प्रत्येक शाखेचा नफा-तोटा तिचा तिने सोसायचा. नफा सगळ्यांत सारखा. आजच्या फ्रॅंचायझीत दुकानदार विक्रीवर टक्का भरतो, मग त्याला तोटा झालेला असला तरी. नाव देणाऱ्याला दुकानाच्या विक्रीत रस, दुकानदाराच्या नफ्यात असेलच असं नाही. लिज्जतमध्ये नाव देणारी आणि घेणारी एकाच संस्थेच्या सभासद. शिकवण्यात हात आखडण्याचं कारणच उरत नाही. याचा अर्थ लिज्जत म्हणजे फ्रॅंचायझी असं कोणी समजू नये. कायद्याने ती सोसायटी आहे. पण अनोळखी गावात, नवख्या माणसांच्या हातून, त्याच नावाचा तोच माल काढणं, हा प्रश्न दोघांचा एकच.

हे सगळं काही प्रत्येक धंद्याला लागू पडलं नाही. १९७० च्या दशकात संस्थेने खाकरा, मसाले, वड्या सुरू केल्या, पिठाच्या गिरण्या काढल्या, छपाईचा विभाग काढला, पुढे १९८८ मध्ये ससा डिटर्जंटही आलं. हे चाललं. १९७९ च्या सुमाराला चामड्याच्या वस्तू, काड्यापेट्या आणि अगरबत्त्या करून पाहिल्या, ते तिन्ही बसले. नाव तेच, बहिणी त्याच, भांडवल पूर्वीपेक्षा जास्त. मला वाटतं या तिन्ही कामांत घरच्या पाटीपाशी बसून, रोजच्या तराजूवर शिकता येईल असं फार थोडं होतं. नाव पाठीशी असलं म्हणून काम शिकून होत नाही, हे लिज्जतलाही स्वतःच्या पैशाने कळलं. या तीन फसलेल्या कामांवर कोणी अभ्यासकाने नीट लिहायला हवं. यशाच्या गोष्टी छापून छापून गुळगुळीत झाल्या आहेत.

आज लिज्जतच्या ऐंशीच्या वर शाखा आहेत आणि बहिणी पंचेचाळीस हजारांच्या आसपास. त्यातली महाराष्ट्राबाहेरची पहिली पायरी आपल्या घरापासून चाळीस-पन्नास किलोमीटरवर आहे, आणि हायवेवरच्या नव्या दुकानदारांपैकी कोणी तिचं नाव घेत नाही.

फंडाच्या पैशातून नाव घ्यायला निघालेल्या ओळखीच्यांना मी हल्ली करारनामा घेऊन या म्हणतो. त्यात पाटीचा रंग, दिव्यांची जागा, रॉयल्टीची तारीख, उशीर झाला तर व्याज, याला पानंच्या पानं असतात. शिकवण्याचं कलम शोधलं तर एखादी ओळ सापडते, ‘आवश्यक ते प्रशिक्षण देण्यात येईल’. किती दिवस, कोण देणार, कुठे, खर्च कोणाचा, काही नाही. अशा वेळी मी तीन गोष्टी लिहून मागायला सांगतो. सही करण्याआधी चालू दुकानात निदान पंधरा दिवस हाताने काम करू द्या. पहिल्या तीन महिन्यांत तुमचा माणूस आठवड्यातून एकदा येऊन माल आणि गल्ला दोन्ही तपासेल असं कबूल करा. आणि बंद पडलेल्या दोन दुकानदारांचे फोन नंबर द्या. पहिल्या दोन गोष्टी काही कंपन्या देतात. तिसरी मागितली की समोरचा माणूस काय करतो ते पाहून घ्या, आणि पैसे भरायचे की नाही ते मग ठरवा.